सासूबाईंनी भाजलेलं बी

माझ्या सासूबाईंनी एकदा लिबियातला एक अख्खा डोंगर कढईत भाजला, वर चिमूटभर सैंधव घातलं आणि मुखवासाच्या डबीत भरून ठेवला. आज मी हे हसत लिहू शकते. त्या सकाळी मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मी मूळची पुण्याची, वनस्पतिशास्त्र शिकलेली. नवऱ्याच्या आयटीतल्या कंत्राटामागून जपानात ग्योतोकुला आले आणि बरीच वर्षं मुलीची शाळा, कचऱ्याचे वार आणि पोळ्या यांत घालवली. चाळिशीत सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन सहायकाची नोकरी मिळाली. सोमवार ते शुक्रवार सेंदाईला भाड्याच्या खोलीत, शनिवार-रविवार घरी. शेजारच्या बायका म्हणाल्या, "नवऱ्याला आणि मुलीला सोडून जाणार?" मी म्हटलं, "सोडून कशाला? दर शुक्रवारी शिंकानसेन, बुलेट ट्रेन असते की!" एकदा हातात घेतलं की मी सोडत नाही. माझी आई याला हट्टीपणा म्हणायची आणि सासूबाई याला डोक्यावर मिरे वाटणं म्हणतात.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक लिबियाची मुलगी डॉक्टरेट करत होती. पहिल्याच आठवड्यात मी आमटीचा डबा उघडला. वास सुटला तसे बाकीचे लोक अगदी सभ्यपणे, एक एक करून, खिडक्या उघडायला उठले. ही मात्र खुर्ची ओढून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "हिंग ना हा? याचा थोरला भाऊ आमच्या डोंगरावर होता."

तो थोरला भाऊ म्हणजे सिल्फियम. मला तोवर नावसुद्धा माहीत नव्हतं. पुढचे कित्येक दुपारचे डबे आम्ही त्याच्यावर बोलण्यात संपवले. लिबिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळू येते. पण पूर्वेच्या किनाऱ्यावर, समुद्राला लागूनच, एक उंच हिरवा डोंगर आहे. समुद्रावरचे ढग तिथे अडतात, हिवाळ्यात पाऊस पडतो, कधी बर्फही भुरभुरतं. रानऑलिव्ह आहे, जुनिपर आहे, गुहा आहेत, आणि अशा एका फुलाचा मध मिळतो जो कडू लागतो. तिनं एकदा बाटली आणली होती. मी चमचाभर घेतला आणि तोंड कडूजार झालं. ती म्हणाली, "आम्ही लहानपणापासून खातो, मग गोड मध बेचव लागतो."

अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ग्रीक लोक गलबतांतून तिथे आले, एका झऱ्याकाठी राहिले आणि त्यांनी सायरीन नावाचं शहर वसवलं. ते शहर एका रानटी झाडाच्या चिकावर श्रीमंत झालं. फोडणीला तेच, औषधाला तेच. त्यांच्या नाण्यांवरही देवाच्या बरोबरीनं त्या झाडाचं चित्र असायचं. गंमत अशी की शेतात लावायला गेलं तर ते रुजत नसे. जे उगवायचं ते रानात, आपल्या मर्जीनं. लोकांनी ते उपटलं, शेळ्या-मेंढ्या त्यावर सोडल्या, कारण ते खाल्लेल्या जनावराचं मटण म्हणे फार चवदार. अति तेथे माती. शेवटी एक काडी सापडली, ती नवल म्हणून रोमच्या सम्राटाला पाठवली. त्यानं तिचं काय केलं हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. पण खाल्ली असणार, माझी खात्री आहे. मग त्यांनी पूर्वेकडून आपला हिंग मागवायला सुरुवात केली, तोही नाक मुरडत, दुय्यम माल म्हणून. हे ऐकून मला हिंगाच्या वतीनं राग आला होता!

सिल्फियम गेलं ते गेलंच. पण त्याच्या भावकीतलं, हिंगाच्याच जातीचं एक झाड तिच्या गावाजवळच्या उतारावर होतं. तिच्या वडिलांनी एका उन्हाळ्यात त्याचं बी गोळा करून तिला पाठवलं. पुढच्या वर्षी घरं बांधायला त्या उतारावर बुलडोझर फिरला. त्या उतारावरचं जे काही उरलं होतं ते म्हणजे सेंदाईच्या फ्रिजमधल्या एका पाकिटातले बासष्ट दाणे. आधी काही दाणे तिनं पेरून पाहिले होते, एकही उगवला नव्हता. डॉक्टरेट संपवून ती घरी परत जायला निघाली तेव्हा पाकीट तिनं माझ्या हातात दिलं.

"रुजलं तर त्याचं मूठभर बी मला परत पाठव," ती म्हणाली.

"पाठवते," मी म्हटलं. मी असं म्हटलं की घरचे लोक घाबरतात.

आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे प्राध्यापकांनी, ऐकून घेतलं आणि नेहमीच्या हळू आवाजात सांगितलं, "हे आपल्या कामात बसत नाही. एक फळी देतो. मार्चपर्यंत काही दिसलं नाही तर फळी मोकळी करा." मार्चमध्ये माझं वर्षाचं कंत्राटही संपत होतं. म्हणजे फळी गेली असती तर तिच्याबरोबर मीही. पण खरं सांगते, मला नोकरीपेक्षा तिला दिलेला शब्द जास्त टोचत होता.

मी डोकं चालवलं. डोंगरावर हिवाळ्यात ओल आणि गारठा एकदम येतात. लिबियाची मुलगी बी उबेत पेरत होती, तिथेच चुकत होतं. बियांना आधी हिवाळा द्यायला हवा. नोव्हेंबरात मी सगळे बासष्ट दाणे ओले करून काचेच्या बश्यांत फ्रिजमध्ये ठेवले. थोडे राखून ठेवायला हवे होते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मार्च उरावर बसला होता.

डिसेंबरच्या शेवटी नोटीस लागली. विजेच्या तपासणीसाठी सुट्टीत इमारतीची वीज दोन दिवस बंद. फ्रिज बंद म्हणजे माझा हिवाळा बंद. मी बी घरी न्यायचं ठरवलं. काचेच्या बश्या गाडीत सांडतील म्हणून मी मलमलीचा तुकडा ओला केला, त्यात दाणे बांधले, पुरचुंडी स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा बर्फाच्या पिशवीत. ग्योतोकुला पोचल्यावर डबा फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, ताकाच्या मागे. चिठ्ठी लावली नाही. स्वतःच्या घरात कसली चिठ्ठी?

सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी ठाण्याहून आल्या होत्या. नवं वर्ष झालं. चार तारखेला सकाळी मी परत निघायच्या तयारीत फ्रिज उघडला तर डबा नाही.

"आई, इथला छोटा डबा पाहिलात?"

"तो होय? घासून ठेवला की." सासूबाई पोळी लाटत होत्या. "अगं, बाळंतशेपा भिजवून ठेवल्यास आणि विसरलीस. वास लागायला लागला होता त्यांना. परवा भाजून टाकल्या. जरा जाडच होत्या, जपानी असतील. आणि कडू जहर! मी दोन दाणे चावले आणि थुंकले. म्हटलं, ओव्यात मिसळून संपतील."

मी मुखवासाची डबी उघडली. तपकिरी, कडेला करपलेले, वर सैंधव. मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. दोन महिन्यांचं काम, तिच्या वडिलांचा डोंगर, माझा शब्द, सगळं सगळं काढलं. नवरा खोलीतून बाहेर आला आणि परिस्थिती पाहून परत आत गेला. सासूबाईंचा चेहरा उतरला, हातातलं लाटणं तसंच राहिलं. पण त्याही काही कमी नाहीत.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "ओल्या फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यात घालून ठेवलेलं बी बघून कुठल्या बाईला कळणार की हे विद्यापीठाचं आहे? मला विचारलं असतंस तर! आणि काही आळसानं नाही केलं. नीट निवडून, किडके काढून, मंद आचेवर भाजलं."

मी रडायच्या बेतात होते. थांबले. "किडके?"

"चार-पाच होते. एका टोकाला पांढरं पांढरं बाहेर आलेलं. अळी असणार."

अगंबाई! ती अळी नव्हती. तो मोड होता. बासष्टांतले जे दाणे रुजले होते नेमके तेच सासूबाईंनी निवडून बाजूला काढले होते.

"कुठे टाकलेत?"

"पेपरात गुंडाळून ओल्या कचऱ्यात."

नव्या वर्षाच्या सुट्टीत कचऱ्याची गाडी बंद असते. ती त्याच सकाळी पहिल्यांदा येणार होती, आणि पिशवी नवऱ्यानं साडेसातला खाली नेऊन ठेवली होती. आठ वाजत आले होते. मी घरातल्या सपाता घालून चार जिने उतरले, मुलगी माझ्यामागे. कावळ्यांनी टोचू नये म्हणून घातलेल्या जाळीखाली आठवडाभराच्या पिशव्यांचा ढीग, सगळ्या एकसारख्या. आमची कुठली? मुलीनं ओळखली. तिच्या आजीनं पिशवीला गाठ मारण्याऐवजी साडीच्या काठाची दोरी बांधली होती.

मी तिथेच फुटपाथवर बसून पिशवी उघडली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, माशाचे काटे. मुलगी नाक दाबून "कुसाई, कुसाई", म्हणजे घाण वास, करत होती, पण एका हातानं शोधत होती. कचऱ्याच्या जागेवर देखरेख करणारे शेजारचे आजोबा आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मी जपानीत सांगितलं, "बी हरवलंय. महत्त्वाचं आहे." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या सपातांकडे. मग रस्त्याच्या कडेला गेले, आणि गाडी आली तेव्हा हात वर करून तिला थांबवून उभे राहिले. गाडीवरचा माणूसही थांबला. मला आजही त्या दोघांना वाकून नमस्कार करावासा वाटतो.

पेपरची पुडी सापडली. चहाच्या ओलीत, पिशवी दोन दिवस गॅलरीत होती त्या थंडीत चार दाणे जिवंत होते. पाचव्याचा मोड मोडला होता. देव तारी त्याला कोण मारी, असं आम्ही वर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, आणि मी म्हटलं, "आई, आत्ता काहीही बोलू नका." त्यांनी माझ्या हातांवर गरम पाणी घातलं आणि साबण दिला.

त्या दिवशी संध्याकाळी मी लिबियाला फोन केला. लपवायचं नाही असं गाडीतच ठरवलं होतं. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही खाल्लंच." आणि हसली. ते हसणं मला फार लागलं. मी म्हटलं, "चार आहेत. मी पाठवते म्हटलंय ना, पाठवणार."

चारांतली दोन रोपं जगली. मार्चमध्ये सेन्सेईंनी फळीसमोर उभं राहून त्यांच्याकडे पाहिलं, "हं" म्हणाले आणि फळी काढली नाही. माझं कंत्राटही वर्षावर वर्ष वाढत गेलं. ही जात चिवट खरी, पण घाई अजिबात नाही. दरवर्षी नुसती शेपूसारखी पानं, उन्हाळ्यात सगळं वाळून मातीमोल, आणि पुन्हा थंडीत हिरवा कोंब. लोक विचारायचे, मेलं का? मी म्हणायचे, झोपलंय. मलाही आतून धाकधूक असायचीच. पाचव्या वसंतात माझ्या डोक्याच्या वर गेलेले दोन दांडे आले, आणि त्यांच्यावर पिवळे झुबके. मी ब्रशनं याचा पराग त्याला आणि त्याचा याला लावत बसायचे. विद्यार्थी चोरून फोटो काढायचे. काढा म्हटलं.

बी धरलं त्या उन्हाळ्यात मी सासूबाईंना मुद्दाम सेंदाईला घेऊन आले. आता त्यांचं वय झालंय, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. लॅबच्या टेबलावर मी त्यांच्यापुढे स्टीलचं ताट ठेवलं आणि बी ओतलं. "निवडून द्या," म्हटलं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "माझ्यावर विश्वास ठेवतेस?"

"तुमच्याएवढं निवडता कुणाला येतं इथे?"

त्यांनी पदर खोचला. बोटं पूर्वीसारखीच चालत होती. पोकळ दाणे एका कडेला, भरलेले दुसऱ्या. सेन्सेई येऊन मागे उभे राहिले आणि बराच वेळ तो हात पाहत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "ही पोचट आहेत. पण टाकत नाही हो मी, तुझी तू बघ." त्यांचे डोळे भरले होते. माझेही. त्या सकाळच्या बोलण्याबद्दल मी तोवर माफी मागितली नव्हती. तेव्हा मागितली.

बी लिबियाला पाठवायची कागदपत्रं करण्यात महिने गेले. पाकिटावर मी अरबी, इंग्रजी, जपानी आणि मराठीत लिहिलं: खाऊ नये. मग वाट पाहिली. दुसरा हिवाळा जाता जाता तिचा फोटो आला. दगडी बांधाच्या आत, लाल मातीत, बोटभर हिरवी शेपूसारखी पानं, आणि मागे खाली समुद्र. खाली तिनं एकच वाक्य लिहिलं होतं: "शेळ्या बांधून ठेवल्या आहेत."

मी ते ठाण्याला फोन करून वाचून दाखवलं. पलीकडे सासूबाईंनी नाक ओढलं.

"शेळ्यांचं ठीक आहे," त्या म्हणाल्या, "तिला सासू आहे का ते विचार."