सर्वानुमते मंजूर

सौदीतल्या जुबैलला कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी आठ वर्षं एकच माणूस बसला. कॅस्पियन समुद्राकाठच्या तेलाच्या शहरातला, माझ्याच वयाचा वेल्डिंग इन्स्पेक्टर. मी नाशिकचा, पाइपिंगवाला. दोघांचंही इंग्रजी बेताचंच, त्यामुळे छान जमायचं. पण रोज सकाळी पाऊण तास तो एकाच विषयावर माझं डोकं खायचा: त्याचा पणजोबा आणि रशियन क्रांतीच्या दिवसांतली त्यांच्या शहराची नगरपरिषद.

पणजोबा रिफायनरीत बॉयलर सांभाळायचा. कामगारांनीच त्याला आपल्यातून निवडून परिषदेवर पाठवलं. सुरुवातीला म्हणे तिथे नुसता कल्ला. खलाशी, ट्रामवाले, चार पक्षांचे लोक. पाव कुठून आणायचा आणि पाणी आधी कुठल्या वस्तीला सोडायचं यावर बाकं बडवून भांडायचे. "म्हणजे आमची महापालिकाच की," मी म्हणायचो. तो हसायचा. पुढे सोविएत राजवट पक्की झाली आणि भांडणं आटली. ठराव वरून लिहूनच यायचे, सभासदांनी फक्त हात वर करायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीने तिथल्या सरकारी दप्तरातून एका सभेच्या कागदाची नक्कल मिळवून त्याला पाठवली. पणजोबाला परिषदेवरून काढून टाकण्याचा ठराव. सर्वानुमते मंजूर. आणि हजर सभासदांच्या यादीत पणजोबाचंही नाव. म्हणजे स्वतःला काढायला स्वतःच हात वर केलेला. पुढे थोड्याच दिवसांत पोलिसांनी त्याला घरून नेलं, तो परत आला नाही.

"असं का केलं असेल त्याने?" तो महिनाभर मला विचारत राहिला. एकदा मी वैतागून म्हटलं, "घाबरला असेल, दुसरं काय?" तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाईट वाटलं, पण माफी काही मागितली नाही. माझा स्वभावच तसा.

मग दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायचं शटडाउन आलं. एका पाइपचा जोड एक्स-रेत नापास झाला होता, तो दुरुस्त व्हायचा होता. घाईगर्दीत मी माझ्या कच्च्या यादीत चुकीच्या ओळीवर, नेमकी याच जोडापुढे, 'पास'ची खूण केली आणि त्याला सांगितलं, "एक्स-रेची फिल्म मी बघितलीय, ओके आहे. तू सही करून टाक." आठ वर्षांची ओळख. फिल्म न मागता त्याने सही केली. चाचणीसाठी पाण्याचा दाब दिला आणि नेमका तोच जोड फुटला. कुणाला इजा झाली नाही, पण काम लांबलं आणि साहेबांना कुणाचा तरी बळी हवा होता.

पोर्टाकॅबिनमध्ये आम्ही सात जण बसलो. कागद आधीच टाइप करून आणलेला: चूक इन्स्पेक्टरची, त्याला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी परत, सर्व उपस्थित सहमत. साहेबांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? माझी पाचावर धारण बसली. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, गेला तर मुलीला बारावीच्या ऐन मध्यावर शाळेतून काढून भारतात न्यावं लागणार. मी तोंड उघडणारच होतो, असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. खरं म्हणजे मूग गिळून बसलो होतो. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, पेन उचललं, सगळ्यांच्या आधी सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मीही केली.

दम्मामच्या विमानतळावर त्याला सोडायला मीच गेलो. वाटेत कसंबसं म्हटलं, "चूक माझी होती. तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. पण फिल्म मी मागायला हवी होती." मग म्हणाला, "पणजोबाचं मला आता कळलं. तो घाबरला असेलही. पण त्याचं जाणं ठरलेलंच होतं. त्याने हात वर केला नसता, तर बाकावर शेजारी बसलेल्या दोस्ताचाही हात वर झाला नसता. मग दोघांनाही नेलं असतं."

मी गाडी विमानतळाच्या दारात लावली. उतरताना तो म्हणाला, "मुलीला सांग, पेपर नीट लिही."

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली, आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तिचा फोन आला की मला आनंद होतो आणि त्याच्या पाठोपाठ लाज वाटते. कंपनीच्या फायलीत तो कागद अजून असेल. सात सह्या, सगळे सहमत. उद्या त्याची एखादी पणती तो वाचेल आणि विचारेल, स्वतःविरुद्ध सही का केली असेल यांनी? माझ्यासारखा कुणी शहाणा तिला सांगेल, घाबरले असतील. म्हणून लिहून ठेवतो. चुकीच्या ओळीवरची ती खूण माझी होती. घाबरलो होतो तो मी.