पाटलाची तिसरी पायरी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. त्यातला निम्मा राग स्वतःवरचा आहे.

इंग्रजी अमदानीत मी सोलापूर जिल्ह्यात फौजदार होतो. माझ्या हद्दीत टेकडीच्या उतारावर एक लहानसं गाव होतं. ओढा ओलांडला की निजामाची मोगलाई. वर टेकडीवर जुन्या देवळाचे पडके अवशेष, आणि त्यात एका सपाट शिळेवर कोरलेली देवी. एके दिवशी ती शिळा नाहीशी झाली.

खबर खुद्द गावच्या पाटलाने ठाण्यात आणली. "गुरवानंच इकली, साहेब. वड्यापल्याड." पाटलाला मी खुर्ची दिली. गुरवाला मात्र चावडीत उभा केला, गावादेखत चोर म्हटलं आणि दोन थोबाडीत ठेवून दिल्या.

"इल्ल साहेब," तो कानडीवर गेला, मग सावरला. "बापजाद्यापास्नं तिला तेल लावतूय. मी इकीन व्हय?"

त्याला कोठडीत टाकलं. इकडे गावाने मारुतीची पूजाही त्याच्याकडून काढून घेतली. पोट त्यावरच होतं त्याचं.

चौथ्या दिवशी जबान्या घ्यायला पाटलाच्या नव्या घरी ओट्यावर बसलो होतो. पाटलाची म्हातारी आई आली. तिने तिसऱ्या पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि गुडघे धरत ती पायरी ओलांडून वर चढली. मागून सून आली, तीही तशीच. मग खुद्द पाटील. आपल्याकडे देवाला पाय लागू देत नाहीत, चोरलेल्या देवालाही नाही. पंच बोलावले, पहारीने पायरी उलटवली. शेंदरासकट देवी पालथी घातलेली होती. घराला एक चांगली शिळा कमी पडली होती, एवढंच कारण.

"दगुडच की त्यो," पाटील म्हणाला. "आन् गुरवानंच दिला मला."

मग मोगलाईत विकल्याची खबर कोणी आणली होती, असं विचारल्यावर तो पंचांसाठी पानाचा डबा आणायला उठला. नालायक माणूस. मी कागद रंगवून वर पाठवले. वरून हुकूम आला, पाटलाला समज देऊन सोडा. गावात तो गुरवाचंच नाव घेत राहिला.

खबर देणाऱ्याला खुर्ची देण्याआधी त्याचं घर बघून यावं, हे मी तेव्हा शिकलो. पण खरा धडा, पायरी उलटवली त्याच संध्याकाळी, कोठडीपाशी मिळाला. मी गुरवाला म्हटलं, "तू चोर नाहीस. जा."

तो जागचा हलला नाही. "साहेब, चोर म्हनलात ते चावडीत, समद्यांम्होरं. न्हाय म्हनताय ते हितं, दोगांतच."

मला चावडीत जाऊन सांगता आलं असतं. फौजदाराने गुरवापुढे चूक कबूल करायची याची लाज वाटली. मी शिपायाला त्याला बाहेर काढायला सांगितलं आणि आत जाऊन बसलो. मारुतीची पूजा त्याला परत मिळाली नाही.