फिटरमामांचा डावा कान

फिटरमामा यंत्राला हात लावण्याआधी कान लावत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानावर. राहात्याजवळच्या साखर कारखान्यात तीस वर्षं त्यांनी असेच बिघाड ओळखले. स्वतःचं दुखणंही त्यांनी मला तसंच सांगितलं. "ताई, डाव्या कानात बिनग्रीसचं बेअरिंग फिरतंय. त्याची शिफ्टच संपत न्हाई."

नगरच्या एका दवाखान्यात मी कानाच्या तपासण्या करते. डॉक्टरांनी त्यांना बेरा तपासणी लिहून दिली होती. मी कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवत असताना मामांनी विचारलं, "हा आवाज कागदावर उमटंल का?"

"तो नाही उमटत, मामा. नस मेंदूपर्यंत आवाज वेळेवर पोचवते का, तेवढं दिसतं. फक्त हलू नका."

"चालू मशीनजवळ मी कधी हलत न्हाई," म्हणाले, आणि अर्धा तास ओंडक्यासारखे पडून राहिले.

उजवा कान नीट आला. डाव्याच्या आलेखातली पाचवी लाट उशिरा येत होती, म्हणजे नस आवाज उशिरा पोचवत होती. असं झालं की तपासणी पुन्हा घ्यायची असते. बाहेर सात जण खोळंबले होते. तार सैल असेल, असं स्वतःला सांगून मी डाव्याच्या रकान्यात उजव्याचेच आकडे लिहिले.

मामांनी स्वतःच्या कानापेक्षा माझ्या कागदावर जास्त विश्वास ठेवला. दीड वर्ष तक्रार केली नाही. मग चालताना तोल जाऊ लागला, एमआरआयमध्ये नसेवर गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये डावा कान गेला. टाके निघाल्यावर मला भेटायला आले. रागावले नव्हते, चूक कुठं झाली, एवढंच विचारत होते.

मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा हलला असाल, मामा."

पुढे उजवा कान दाखवायला आले की ते बाकावर बसून इतर पेशंटना बजावत, "आत हलू नगा. मी हललो अन् कान घालवून बसलो."

"खाज सुटली तर?" एका आजींनी विचारलं.

"सुटू द्या. कानापरीस खाज बरी."

त्यांची बायको शेजारून म्हणे, "यांना घडीभर एका जागी बसवत न्हाई. घरीबी तेच." मामा मान खाली घालत. दाराआडून हे मी दोन वर्षं ऐकलं.

गेल्या महिन्यात मामा एकटेच आले होते. त्यांना आत बसवून मी बोलायला लागले, तेही त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून. "हिकडून बोला, ताई," म्हणत त्यांनी खुर्ची फिरवली. मग मी सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "म्हंजी, मी हललो नव्हतो?"

"नाही, मामा."

मामा उठले. टोपी घातली आणि निघाले. त्यानंतर अजून आलेले नाहीत. त्या दिवशी जिन्यात मात्र त्यांनी घरी फोन लावला होता, तेवढं ऐकू आलं. "अगं, मी हललो नव्हतो त्या दिवशी. ताईंनीच सांगितलं."