कुणी न बघितलेला डोळा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी दौंडजवळच्या राहू गावच्या शाळेत मास्तर होतो आणि गावातला एकमेव शहाणा माणूस आपणच, अशी माझी खात्री होती. डोळ्यांची साथ आली की शाळेत माझा नियम चालायचा. ज्याचे डोळे आलेत त्यानं बाहेर लिंबाखाली, वर्गाकडे पाठ करून बसायचं. कारण आलेल्या डोळ्यांकडे नुसतं बघितलं तरी आपले येतात. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि बाकी प्रत्येक गोष्टीत गावाला अडाणी ठरवणाऱ्या मी एवढं मात्र काही न तपासता फळ्यावर लिहिलं होतं.

एका सकाळी चौथीला भागाकार शिकवत होतो. अचानक उजव्या डोळ्यात आणि त्याच बाजूच्या अर्ध्या डोक्यात अशी कळ आली की हातातला खडू पडला. डोळा आतून कुणी बाहेर ढकलतंय असं वाटत होतं. फळ्यावरचे आकडे धुरकट झाले. बाहेर जाऊन मी दोनदा ओकलो. हेडमास्तर लगबगीनं आले, पण डोळा लाल आहे एवढं लांबूनच दिसताच त्यांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत मला सांगितलं की मास्तर, तुमचे डोळे आलेत. मग मला लिंबाखाली बसवलं, पाठ करून. पोरं खिदळत होती. मी शिकवलेली एवढी एकच गोष्ट त्या ठोंब्यांच्या बरोबर लक्षात राहिली होती.

घरी बायकोनं विचारपूस केली. तिचा बाप मेंढरं राखायचा. माझाही राखायचा, पण तो विषय मी घरात काढू देत नसे. लहानपणापासून तिनं मेंढरांच्या पापण्या उलटून डोळे बघितले होते. ती जवळ आली आणि म्हणाली, "बगू द्या मला. डोळं आल्यालं आसं दुखत न्हाई, आन् वकारी बी हुईत न्हाई."

मी मेंढरू नाही, असं तिला ऐकवलं. डोळ्यावर टॉवेल दाबून धरला आणि तिला लांब बसायला लावलं. एवढ्यावर थांबलो नाही. भिंतीवरचा आरसा उलटा करून ठेवला. आरशात चांगल्या डोळ्यानं वाईट डोळा बघितला तर चांगलाही यायचा, ही भीती. ट्रेनिंग कॉलेजात पहिल्या वर्गात पास झालेला माणूस स्वतःलाच स्वतःचा डोळा बघू देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी डोकं धरून एसटीनं दौंडला गेलो. कंडक्टरनं मला मागच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून बसवलं. दौंडच्या डॉक्टरची कीर्ती मोठी होती. एका सुईत ताप उतरवायचा म्हणे. त्यानं मला दारापाशीच स्टुलावर बसवलं आणि आपण टेबलामागं पेपर चाळत राहिला. डोळ्याला चिपडं येतात का, एवढं विचारलं. मी नाही म्हणालो. उद्यापासून येतील, असं त्यानं पेपरातूनच सांगितलं आणि कंपाउंडरकडून थेंबांची बाटली देववली. मला त्याचा राग यायला हवा होता. उलट वाटलं, हा शिकलेला माणूस, कशाकडे बघू नये हे त्याला कळतं.

थेंब घातले आणि कळ दुपटीनं वाढली. बायकोनं पुन्हा एकदा बघू देण्याची विनवणी केली. मी तिच्यावर असा खेकसलो की शेजारीण दारात आली, माझा टॉवेल बघितला आणि पदर तोंडावर ओढून परत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कळ थोडी उतरली. मी जिंकल्यासारखा टॉवेल काढला, सहज डावा डोळा झाकला, आणि समोरचं दार दिसेना. उघड्या दारातून ऊन आत आलं होतं, तेही दिसेना.

मग माझं काही न ऐकता बायकोनंच मला पुण्याला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन्ही पापण्यांवर बोटानं हलकेच दाबून बघितलं. उजवा दगडासारखा लागतोय, म्हणाले. डोळ्याच्या आत दाब चढला होता. बुबुळ तर पहिल्याच दिवशी गढूळ झालं असणार. तेव्हाच आला असतात तर डोळा बहुतेक वाचला असता.

"पहिल्या दिवशी कुणी हा डोळा उघडून बघितलाच नाही?" त्यांनी विचारलं.

मी सुरू झालो. हेडमास्तरांपासून कंडक्टरपर्यंत, तिथून दौंडच्या त्या पेपरवाल्या डॉक्टरपर्यंत, एकेका मूर्खाची हजेरी घेतली. अख्ख्या तालुक्यात डोळा उघडून बघण्याची अक्कल एकालाही नव्हती, असं म्हणालो.

"मी बगत हुते," बायको म्हणाली. "ह्येंनी बगू दिलं न्हाई."

आवाज हळू होता. मी तिच्याकडे बघायला गेलो, पण ती माझ्या उजव्या बाजूला उभी होती. तिच्यासाठी मला पूर्ण मान वळवावी लागली.