तिरका आरा

संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात, नांगर आणि हातमाग यांच्या मधल्या स्टुलावर बसून चाकवाले काका दिवसभर "हात लावू नका" म्हणत. आता पहारेकरी, पण उभा जन्म लाकडी गाड्या घडवण्यात गेलेला. ट्रॅक्टर आले आणि धंदा बसला. समोर मांडलेली गाडीसुद्धा त्यांनीच केलेली, अगदी विशीत. हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या गाडीच्या एका चाकात बारा आरे, त्यातला एक तिरका. संग्रहालयाच्या बाई शाळेच्या पोरांना रंगवून सांगत, "ही जुन्या कारागिरांची गुप्त खूण! यात फार खोल अर्थ आहे." पोरं आ वासून बघत आणि काकांचे कान तापत. अर्थ कसला डोंबलाचा! आरा बोटभर आखूड कापला गेला होता, एवढंच. गाडी आपली म्हणावी, तर चूकही आपल्याच गळ्यात. म्हणून काका सहा वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले.

एके दिवशी बाई कागद घेऊन आल्या. "काका, आता कायमची पितळी पाटी करतोय. ऐका हं. तिरका आरा, गूढ खूण. कारागीर अज्ञात."

काकांना राहवेना. "अज्ञात कसा? रोज इथंच बसून डबा खातो की!"

बाई हसल्या. "काका, चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. आरा आखूड पडला, मधल्या तुंब्यात बसेना. वडिलांच्या वहाणेचा पट्टा कापून फटीत ठोकला, तो बसला तिरका. बिचारे दिवसभर एका पायात वहाण घालून हिंडले, कुत्र्याला शिव्या देत. बघा बॅटरी लावून!"

बाई वाकल्या. फटीत खरंच काळं, वाळकं चामडं होतं. त्यांनी कागदावरचं 'अज्ञात' खोडलं. मग हळूच म्हणाल्या, "पाटीवर तुमचं नाव घालते. आऱ्याचं काही लिहीत नाही. उगाच लोक हसतील."

काकांचा जीव सुखावला खरा, पण मान नकारार्थी हलली.

"लिहा, बाई. अकरा सरळ आरे काय, कुणीही बसवले असते. माझ्या हातचा म्हणून ओळखू येतो तो तेवढाच."