अख्खी गुढी

गेल्या वर्षी मेंदूला सौम्य झटका आला आणि माझं जग सुटं झालं. डोळे शाबूत आहेत, डॉक्टर म्हणाले, पण दिसलेलं जोडायचं काम मेंदू विसरलाय. किटलीचा कान दिसायचा, तोटी दिसायची, किटली दिसायची नाही. नवऱ्याची मिशी दिसे, चष्मा दिसे. हा आपला नवरा, हे मात्र आवाजावरून कळे.

हे रोज समोर काहीतरी धरून विचारायचे, "तुले काय दिसून राहिलं?" कधी चाळणी, कधी चप्पल. अंदाजानं उत्तर ठोकलं की लगेच पकडायचे. मी जाम वैतागायचे. गोल बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर तर मी डोळेच मिटून घेतले. नुसत्या चकाकत्या कडा, भांडं एकही नाही. आता जन्मभर असंच की काय, या धास्तीनं माझी झोप उडाली होती.

पाडव्याला ह्यांनी गच्चीवर गुढी उभारली. मी अगदी जवळ उभी होते. बांबू दिसला, हिरव्या साडीचा काठ दिसला, कडुनिंब, गाठी, उपडा तांब्या, सगळं दिसलं. गुढी दिसली नाही. सणाच्या दिवशी मी रडले, आणि वर ह्यांच्यावरच ओरडले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली हिंदीभाषक शेजारीण कपडे वाळत घालायला वर आली. पंडरी मोहल्ल्याच्या बाजूला बोट दाखवून म्हणाली, तिकडेही कुणीतरी एवढी भारी साडी उन्हात सुकवतंय, रंग उडून जाईल. मी तिच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं.

लांबच्या एका गच्चीवर, अंगठ्याएवढी, गुढी होती.

काठी नाही, काठ नाही, तांब्या नाही. गुढी. एका नजरेत सगळी. धडधाकट डोळ्यांच्या बाईला साडी दिसत होती आणि मला गुढी. लांबून लहान दिसली म्हणून नजरेत मावली असेल, असं डॉक्टर नंतर म्हणाले. म्हणोत बापडे. त्या क्षणी मी जिंकले होते.

"वो साड़ी नहीं है, गुढी है," मी म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं.

मग वळून आमची पाहिली. तीही उभी होती, दरवर्षीसारखी थोडी तिरपी. तिच्या बाजूला हे हळदकुंकवाचं तबक घेऊन उभे होते. सवयीनं ह्यांनी विचारलं, "तुले काय दिसून राहिलं?"

"तुम्ही," मी म्हणाले. "अख्खे. अन् सणाच्या दिवशी दाढी काहून नाही केली?"