नव्या घरातलं पहिलं दूध

हसणार नाही असं वचन देत असाल तर सांगतो. नाही, हसालच तुम्ही. पण निदान हातातला चहा संपेपर्यंत दम धरा, सांडेल नाहीतर.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. चिंचणीत आम्ही नवं घर बांधलं. घर म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि हिराने, म्हणजे आमच्या बायकोने, स्वतः लिंपलेली चूल. वास्तूला झाईहून सासू-सासरे आले.

सासरे उभा जन्म आगबोटीवर खानसामा होते. चहाला ते शिवत नसत. कॉफीची पूडसुद्धा स्वतःची, डब्यात घालून आणलेली. आणि माझ्याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. डहाणूच्या कचेरीतला कारकून, ना होडी वल्हवता येते ना जाळं विणता येतं. मुलगी पाण्यात टाकली, असं ते चारचौघांत म्हणत. तीही खाडीच्या नव्हे, भर समुद्राच्या. मला हे लागायचं हो. आज काहीतरी करून दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं.

पूजा आटपली आणि मी भटजींना एस.टी.त बसवून परत आलो. पाहतो तर चुलीवर दूध. हिरा आणि सासूबाई शेजारणींना बोलवायला निघालेल्या.

"दुधाकडे लक्ष ठेवा हां," हिरा जाता जाता म्हणाली.

आता मला सांगा, दुधाकडे लक्ष ठेव म्हटल्यावर शहाणा माणूस काय समजेल? तेवढ्यात ओट्यावरून सासरे बोलले, "जमाई, कोफी मिळेल काय जरा?"

संधी चालून आली म्हणतात ती हीच. मी बाह्या सरसावल्या.

"दूध उकळू देऊ नको हां," सासरे बसल्या जागेवरून हुकूम सोडू लागले. "उकळलं की कोफी मेली. कडेला बारीक बुडबुडे आले?"

"आले."

"मधी साय थरथरते काय?"

"थरथरतेय."

"उतार!"

उतरवलं. फडकं शोधायलाही थांबलो नाही, नव्या धोतराच्या सोग्याने उतरवलं. पातेल्यातच पूड घातली, साखर घातली, जायफळ किसलं. गाळून कप नेऊन दिला. सासऱ्यांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"जमाई," ते म्हणाले, "आगबोटीवर कप्तानाला पण अशी कोफी मी दिली नाय कधी."

माझी छाती दोन इंच फुगली. त्याच क्षणी हळदीकुंकवाची ताटं घेऊन बायका दारात.

"उतू गेलं का? कुठल्या अंगाला गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"उतू? मी असताना? एक थेंब सांडू दिला नाही," मी म्हणालो.

हिराचा चेहरा पाहिला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नव्या चुलीवरचं पहिलं दूध, ते उतू घालायचं असतं, तर घर भरलेलं राहतं. मी समजत होतो, ते पूजेतच उरकलं असेल.

हिराच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरं दूध कुठून आणणार? गवळी सकाळीच येऊन गेलेला.

सासूबाईंनी पदर खोचला. "ठेव ते पातेलं परत चुलीवर."

सासरे कप सांभाळत आत धावले. "अगं, उकळलं तर कोफी मरेल."

"मरू दे. माझ्या लेकीचं घर जगलं पाहिजे."

मग काय, सगळं बायकांचं मंडळ चुलीभोवती उभं, आणि मध्ये कॉफी फसफसतेय. उतू गेली, तीही पूर्वेला. ओघळ तपकिरी, पण सासूबाईंनी त्यालाच हळदकुंकू वाहिलं. हिरा रडता रडता हसली. उरलेली सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटली. सासऱ्यांनी ती मेलेली कॉफी निमूट प्यायली आणि माझ्याबद्दलचं जुनं मत पुन्हा जागेवर ठेवलं.

तेव्हापासून घरात कशाची ददात पडली नाही, हे खरं. आजही हिरा मला दुधाकडे लक्ष ठेवायला सांगते. मी पातेल्यावरची नजर हलवत नाही, आणि तरी चूल पुसायची पाळी रोज माझ्यावर येते. माझ्या देखरेखीखाली दूध उतू गेलं नाही असं आयुष्यात एकदाच झालं, आणि तेही नेमकं त्या दिवशी.